अल्बम गेला, डेटा आला

तुळशीचं लग्न उरकलं की कर्जतच्या बाजारपेठेत लग्नघरची माणसं लांबूनच ओळखू येतात. पत्रिका छापणाऱ्याकडे ती तासभर बसतात. आत्याचं नाव काकांच्या आधी की नंतर, 'कै.' कोणापुढे लावायचं राहिलं, कुलदेवतेचं नाव नीट आलंय ना, सगळं दोनदा वाचून घेतात. तिथून उठून फोटोवाल्याकडे जातात आणि दहा मिनिटांत बाहेर पडतात. तारीख सांगितली, हळदीला आणि लग्नाला माणूस पाठवा म्हटलं, थोडे पैसे हातावर ठेवले, की झालं.

पुढचे सगळे वाद या दहा मिनिटांतून निघतात. फोटो वेळेवर मिळत नाहीत, ठरवलेला माणूस येत नाही, अल्बमची पानं वाढतात, बिल वाढतं, नवरीचा फोटो तिला न विचारता इन्स्टाग्रामवर झळकतो. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांपुरता हा प्रश्न आज कुठे उभा आहे, ते इथे बघायचं आहे. मला दिसतं ते असं: भांडणाचं कारण लबाडी क्वचित असते. बहुतेक वेळा देण्याघेण्याची वस्तूच बदललेली असते आणि बोलणी जुनीच चाललेली असतात. पूर्वी आपण अल्बम घ्यायचो. आता डेटा घेतो, पण ठरवताना अजून अल्बमच ठरवतो.

घाटातून मांडवात

या भागात कॅमेरा आला तो लग्नांसाठी नव्हे, रेल्वेसाठी. बोरघाटातल्या लोहमार्गाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाकडे होता. १८५९ मध्ये तो वारला आणि काम त्याची बायको ॲलिस हिने चालवलं. घाटातले कातळ, पूल आणि बोगदे यांचे तिने काढलेले फोटो ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबईत तोवर फोटोग्राफिक सोसायटी (१८५४) निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी तिचे सभासद होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे देशी छायाचित्रकार धंद्यातही उतरले होते. पण लग्नाच्या फोटोसाठी माणसंच स्टुडिओत जात, स्टुडिओ मांडवात येत नसे. नवरा खुर्चीत, बायको शेजारी उभी, मागे रंगवलेला पडदा. एवढा एकच फोटो, तोही ऐपतवाल्यांच्या घरी.

मांडवात कॅमेरा आणला तो रोलने. मोठ्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत, पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस. दोन रोल ठरले की दोन रोल, त्यात लग्न बसवायचं. या मोजणीचा एक गुण होता. किती फोटो मिळणार हे यजमानालाही कळायचं आणि फोटोवाल्यालाही. निगेटिव्ह स्टुडिओत राहत, पण त्यावरून कोणी भांडत नसे. घरी नेऊन करणार काय? पुढे व्हिडिओ आला, हॅलोजनचा झगझगीत दिवा आला, होमाच्या धगीत त्याची भर पडली. मंगलाष्टकं म्हणता म्हणता भटजी उपरण्याने घाम टिपताना दिसतात, अशी कॅसेट आमच्याही घरात आहे. सुरुवातीला बदामातून नवरा उगवतो, गुलाबातून नवरी.

डिजिटल कॅमेऱ्याने ही मोजणी मोडली. आज हळद आणि लग्न मिळून दोन-तीन हजार क्लिक सहज होतात. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची, म्हणजे तीन हजार फोटो ७५ ते ९० जीबी. फोरके व्हिडिओ सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाने घेतला तर तासाला ४५ जीबी. अल्बमात यातले दीडदोनशे फोटो लागतात. बाकीच्यांचं काय करायचं, हा प्रश्न रोलच्या काळात नव्हताच.

दोन तऱ्हेची लग्नं

२००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि इथला लग्नांचा बाजार दुभंगला. एकीकडे शेतघरं आणि रिसॉर्टं. तिथे मुंबई-पुण्याची कुटुंबं दोन दिवसांसाठी उतरतात, त्यांची फोटोची टीमही शहरातून येते. त्यांच्याकडे छापील करार असतो, टीझर कधी आणि पूर्ण फिल्म कधी हे लिहिलेलं असतं, ड्रोन असतो. ड्रोनचा नियम पुष्कळांना ठाऊक नसतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर नोंदणी क्रमांकही लागतो आणि चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही. 'ड्रोन फ्री' असं कोटेशनवर लिहिलेलं असतं तेव्हा हे विचारावं.

दुसरीकडे दारातल्या मांडवातली किंवा मंगल कार्यालयातली गावची लग्नं. इथे स्थानिक फोटोवालाच लागतो, आणि त्याचं ज्ञान वेगळं असतं. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, डोक्यावर लाल-पिवळं कापड, त्यातून झिरपणारं ऊन. नवरीच्या गालावर तांबडा डाग आणि शालूवर पिवळा. हा रंग नंतर संगणकावर पुरता निघत नाही, त्यामुळे जाणता माणूस आदल्या दिवशीच मांडववाल्याला सांगून बोहल्यावरचं कापड पांढरं करून घेतो. आगरी घरातल्या हळदीला लग्नगीतं गाणारी धवलारीण कधी धवला धरेल, कुठला विधी तिच्या गाण्यावर चालतो, हे त्याला पाठ असतं. शहरातून आलेला कॅन्डिडवाला त्या वेळी डीजेसमोर नाचणाऱ्यांत असतो. अशा लग्नाच्या देखण्या फिल्ममध्ये धवलारीण चार सेकंदही नसल्याचं मी पाहिलं आहे. उलट स्थानिक माणसाच्या अल्बममध्ये ती असते, पण स्टेजवर आहेर देणाऱ्यांचे एकसारखे दोनशे फोटोही असतात. 'ट्रॅडिशनल की कॅन्डिड' हा वाद रुचीचा म्हणून मांडला जातो. इथे तो कोणाला काय ओळखता येतं याचाही आहे.

आहेराच्या त्या रांगेची थट्टा होते, पण ती ठरवून ठेवणारी माणसं म्हणतात त्यातही तथ्य आहे. कोण आलं होतं, मानपानाचं नारळ-टोपी कोणाला दिलं, याची ती वही असते. रुखवताच्या फोटोचंही तसंच. हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार लग्नात मिळालेल्या भेटींची यादी ठेवायची असते. ती फारसं कोणी ठेवत नाही. पुढे काही बिनसलं तर माहेरच्यांच्या हातात रुखवताचे फोटो तेवढे राहतात.

आणखी एक लग्न या दोन्हींत मोडत नाही. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर मोबाइलवर काढलेले फोटोच पुष्कळदा सगळं काही असतात. ग्रामपंचायतीत विवाह नोंदवायला गेलं की विधीचा फोटो मागतात. १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखालच्या अर्जाला तीन साक्षीदार लागतात तसाच हा फोटोही लागतो. भाच्याचा फोन बिघडला की नोंदणी अडते. रिसॉर्टमधल्या सिनेमॅटिक फिल्मइतकीच ही एक धूसर जेपीईजी फाइल महत्त्वाची आहे, कदाचित जास्तच.

पावसाळी प्री-वेडिंगबद्दल थोडंसंच. धबधबे आणि धरणांवर इथे पावसाळ्यात बंदीचे आदेश निघत असतात, ते शूटिंगलाही लागू होतात. माथेरानला मोटारी चालत नाहीत, त्यामुळे लाइटांच्या पेट्या घोड्यावर किंवा हमालाच्या डोक्यावर चढवायची तयारी ठेवावी.

दोन्हीकडचं गाऱ्हाणं

फोटोवाल्याची बाजू आधी ऐकू. लग्नाच्या तिथी मोजक्या, त्यातल्या चांगल्या एप्रिल-मेमध्ये. एक तारीख दिली की त्या दिवशीची दुसरी पाच गिऱ्हाइकं परत पाठवायची. बरोबर आणलेल्या व्हिडिओवाल्याला आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावरच्या पोराला त्याच रात्री पैसे द्यावे लागतात. स्वतःची शेवटची रक्कम मात्र अल्बम दिल्यावर, आणि अल्बम अडकतो सिलेक्शनवर. लिंक पाठवून चार महिने झाले तरी नवराबायकोला फोटो निवडायला वेळ मिळत नाही. मग अचानक फोन येतो: "पुढच्या रविवारी पूजा आहे, अल्बम हवा." लॅबकडून छापून आणायलाच आठवडा जातो.

यजमानाची बाजू अशी. बोलणी मालकाशी होतात आणि दारात येतो अनोळखी मुलगा. चाळीस पानांचा अल्बम ठरलेला असतो, डिझाइन साठ पानांचं येतं आणि वरच्या वीस पानांचे पैसे वेगळे. बाकी दिली नाही तर डेटा मिळत नाही. आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. चुलतबहिणीच्या लग्नात शूटिंगवाल्याने भरलेलं कार्ड रिकामं समजून पुन्हा कॅमेऱ्यात घातलं आणि कन्यादान गेलं. आज त्या विधीचा उरलेला एकमेव पुरावा म्हणजे शेजारच्या काकूंच्या मोबाइलमधला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, त्यातही अर्धा वेळ समोर टेबलफॅन. काकांनी निम्मे पैसे परत मागितले. समोरच्याने साखरपुड्याचा अल्बम फुकट करून द्यायची तयारी दाखवली. चहा झाला, विषय मिटला. चूक कबूल करण्याचं आणि मिटवण्याचं हे गावातलं तंत्र अजून चालतं. दोघांना रोज एकाच बाजारात भेटायचं असलं तरच.

तिसरी बाजू भटजींची, ती कोणी विचारत नाही. मुहूर्ताला अंतरपाट दूर होतो आणि कॅमेऱ्याची माणसं वधूवरांसमोर अशी उभी राहतात की अक्षता त्यांच्याच पाठीवर पडतात. मंगळसूत्र 'जरा पुन्हा' घालायला सांगितल्यावर एका गुरुजींनी सरळ नकार दिलेला मी ऐकला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ विवाहाचा पाया विधीत बघतं, आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विधींशिवाय केलेली नोंदणी पुरेशी नाही असं म्हटलं. म्हणजे विधी खरा घडायला हवा आणि तो घडल्याचं दिसायलाही हवं. गुरुजी आणि कॅमेरावाला यांनी आदल्या रात्री पाच मिनिटं बोलून घ्यायला हरकत नसावी.

कागदावर काय असावं

करार लेखी नसला तरी तो करारच. व्हॉट्सॲपवरचा निरोप आणि यूपीआयची नोंद पुरावा म्हणून चालते. पण निरोपात 'पॅकेज' एवढाच शब्द असेल तर तो पुरावा कशाचा? कोण येणार, हळदीला रात्री किती वाजेपर्यंत थांबणार, पानं किती, रॉ डेटा मिळणार का, सिलेक्शन कोणी कधीपर्यंत द्यायचं, त्यानंतर अल्बम किती दिवसांत, डेटा स्टुडिओत किती महिने ठेवला जाईल, हे लिहिलं की निम्मे वाद उगवतच नाहीत. तारीख पुढे ढकलली तर काय, हेही लिहायला कोरोनातल्या २०२१ ने शिकवलं. त्या एप्रिलमध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. कोणी तारीख बदलली, कोणी घरातल्या घरात उरकलं, आणि आधी दिलेले पैसे पुढच्या तारखेला वळवायचे की परत करायचे यावर पुष्कळ घासाघीस झाली.

मिटलं नाही तर ग्राहक आयोग आहे. रायगडचा आयोग अलिबागला. कर्जतहून तिकडे जाणं म्हणजे एक दिवस मोडणं, पण तक्रार आता ऑनलाइन करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. वाया गेलेल्या फोटोंसाठी ग्राहक न्यायालयांनी मानसिक त्रासाची भरपाई दिलेली आहे, कारण लग्न पुन्हा लावता येत नाही. हा विचार नवा नाही. स्कॉटलंडमध्ये १९७१ मध्ये फोटोग्राफर लग्नाला उगवलाच नाही म्हणून नवरीला तीस पौंड मिळाले होते.

फोटो कोणाचे

इथे कायदा बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे. ज्याने बटण दाबलं त्याचा फोटो, असं फोटोवाले मानतात, आणि यजमानही मुकाट मानतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ (ख) सांगतं की मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल तर, वेगळं काही ठरलेलं नसल्यास, पहिला मालक तो सांगणारा. ब्रिटनमध्ये पूर्वी अशीच व्यवस्था होती. १९८८ च्या कायद्याने त्यांनी मालकी फोटोग्राफरला दिली, आणि खासगी, घरगुती फोटो परवानगीवाचून बाहेर न जाण्याचा हक्क गिऱ्हाइकाकडे ठेवला. आपण जुन्या वाटेवर राहिलो.

पण या मालकीत तीन फटी आहेत. पहिली, 'वेगळं काही ठरलेलं नसल्यास' या शब्दांत. शहरी स्टुडिओंच्या छापील अटींत हक्क स्टुडिओकडे राहील असं बारीक अक्षरांत असू शकतं, आणि सही करणारा ते वाचत नाही. दुसरी, कॉपीराइट आपला असला तरी रॉ फाइल आपल्या हातात द्यायलाच हवी असं ते कलम म्हणत नाही. फोटोवाल्यांचं म्हणणंही टाकाऊ नाही. न सुधारलेले फोटो गावभर फिरले तर त्यांचं नाव खराब होतं, आणि कायद्याचं कलम ५७ कर्त्याचं नाव आणि कामाची अब्रू जपायला त्याला काही हक्क देतं. तिसरी फट मला सगळ्यात गमतीची वाटते. 'सांगणारा' म्हणजे कोण? आपल्याकडे फोटोवाल्याला सांगतात मुलाचे वडील, पैसे देतो मामा, निम्मा खर्च मुलीकडचे. कागदोपत्री नवरी कुठेच नसते, आणि अल्बमभर तीच असते. मामेभावाने हौसेने, पैसे न घेता काढलेले फोटो तर त्याचेच.

दाखवायचे कोणाला

फोटोवाल्याचं इन्स्टाग्राम म्हणजे त्याच्या दुकानाची काच. पूर्वीही स्टुडिओच्या दर्शनी भागात कोणाची तरी नवरी मोठी करून लावलेली असे, आणि घरच्यांना त्याचं कौतुकच वाटे. पण ती नवरी कर्जत स्टेशनवरून जाणाऱ्यांनाच दिसायची. हळदीच्या रात्री भिजलेल्या, मोकळेपणी नाचणाऱ्या बायकांची रील लाखभर अनोळखी लोकांनी बघणं वेगळं. त्यांनी ना करार केलेला असतो, ना त्या मालक असतात. कॉपीराइट त्यांना काही देत नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथे लागू पडेल. घरगुती वापर त्यातून वगळलेला आहे, पण धंदा करणारा स्टुडिओ घरगुती नव्हे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यायच्या आहेत. तोवर चेहरा ओळखणारी ॲप्स आली. मांडवाच्या दारात क्यूआर कोड, सेल्फी काढा, तुमचे फोटो तुम्हाला. पाहुण्यांना हे फार आवडतं. साडेपाचशे लोकांचे चेहरे कुठल्या सर्व्हरवर गेले, हे यजमानालाही माहीत नसतं.

पावसाळा आणि पेनड्राइव्ह

कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. भिंतीतल्या कपाटातला अल्बम श्रावणापर्यंत फुगतो, चिकट पानांच्या जुन्या अल्बममधला फोटो प्लास्टिकला धरतो. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा लोकांनी ओले अल्बम तसेच उन्हात ठेवले आणि पानं एकमेकांना कायमची चिकटली. ओले फोटो सुटे करून स्वच्छ पाण्यातून हलकेच काढायचे आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तरी चालतात.

डेटाचा पूर दिसत नाही. फोटोवाल्याने दिलेला पेनड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात पडून असतो आणि घरच्यांना वाटतं, फोटो आहेत. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आकसलेले असतात, मोठं करून छापायला गेलं की फुटतात. ते डॉक्युमेंट म्हणून मागवले तर पूर्ण येतात. गूगलची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली, आणि दोन वर्षं न उघडलेलं खातं पुसलं जाऊ शकतं. दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, एक सासरी आणि एक माहेरी ठेवावी, दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही उघडून बघाव्यात. निवडक फोटो कागदावर छापावेत. मूळ फाइल जपण्याला आणखी एक कारण आहे. पोटगी-वारसाच्या दाव्यात फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, आणि तारीख-वेळ आत असलेली मूळ फाइल असली की ते सोपं जातं.

कॅसेटवाल्यांनी मात्र घाई करावी. व्हीसीआर बनवणं फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये थांबवलं, आणि इथल्या दमट हवेत टेपला बुरशी लवकर धरते.

राहिलेलं

स्टुडिओने डेटा किती दिवस सांभाळायचा, याचा नियम नाही. कोणी तीन महिने म्हणतो, कोणी वर्ष. लग्न मोडलं तर फोटो पुसायला कोण सांगू शकतो, दोघांपैकी एकच सांगत असेल तर काय, हेही ठरलेलं नाही. आणि फोटोवालाच राहिला नाही तर?

बाजारातला एक जुना स्टुडिओ आता मोबाइलची कव्हरं विकतो. आत माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे. मालकाने ती माझ्यासमोर उघडली तेव्हा उग्र आंबट वास आला. पातळ कागदी पाकिटांत निगेटिव्ह, पाकिटावर बॉलपेनने गाव आणि तारीख: कडाव, कशेळे, चौक, पळसदरी. काही अक्षरं विरलेली. कायद्याने यातला प्रत्येक फोटो कोणा ना कोणा यजमानाचा आहे. त्यातले कितीतरी वारले, मुलं बदलापूर-पनवेलला गेली, घरं विकली गेली. मालक म्हणाले, "टाकवत नाही आणि द्यायचे कोणाला ते कळत नाही." मग त्यांनी एक पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं. बारा चौकोन, त्यात उलट्या रंगांचा मांडव, काळ्या अक्षता, पांढऱ्या केसांची तरुण नवरी. गाव कशेळे, तारीख वाचता येत नव्हती.